टोकन कुणी कुणाला द्यायचं

टोकनमावशी आणि संस्थेच्या ताई यांची पहिली भेट झाली तेव्हा रस्त्यावरची रहदारी थांबली, दुकानातले पंखे मंदावले आणि वरच्या मजल्यावर सतरंज्या निवडत असलेलं एक जोडपं काहीही न घेता घाबरून खाली उतरलं, असं त्या दुकानातले लोक अजून सांगतात. प्रत्यक्षात एवढंच घडलं असावं की ताई दारातून आत आल्या, त्यांच्या खांद्याला एक टम्म फुगलेली पिशवी होती आणि मावशींनी हात पुढे करून "पिशवी" म्हटलं. या एका शब्दापुढे भल्याभल्यांनी नांगी टाकलेली होती. बँकेचे साहेब निमूट पिशवी देत. शाळेच्या मुख्याध्यापक बाई स्वतःहून पर्स उघडून दाखवत. एका स्थूल गृहस्थांनी तर मावशींची नजर पोटावर गेल्याबरोबर, आत फक्त आपणच आहोत, अशी शपथ घेतली होती.

ताईंनी मात्र पिशवी दिली ती हसत. वर तिच्यातून एक कागद काढून मावशींच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुम्हाला. फुकट आहे."

झालं. फुकट हा शब्द मावशींच्या कानात शिरला की आधी त्यांची डावी भुवई वर जायची आणि मग उजवी तिच्या मदतीला धावायची. त्यांनी कागद उजेडात धरला, पालथा केला, नखाने खरवडून पाहिला. वास घेतला असंही सांगतात, पण त्याला साक्षीदार नाही.

मावशींचं काम दाराशी बसण्याचं. कपडे आणि घरसामान विकणारं ते शहरातलं सगळ्यात मोठं दुकान. आत जाणाऱ्याची पिशवी मावशी घ्यायच्या, मागच्या खणात ठेवायच्या आणि त्याच नंबरचं प्लास्टिकचं टोकन त्याच्या हातात द्यायच्या. बाहेर पडताना गिऱ्हाइकाने टोकन द्यायचं, मावशींनी पिशवी द्यायची, आणि जाता जाता बिल आणि माल ताडून पाहायचा. एवढी वर्षं झाली, एक पिशवी इकडची तिकडे गेली नव्हती. पण माणसाचं काम हळूहळू माणसात मुरतं. मावशींच्या घरात दूध उतू गेलं तर ते आपोआप गेलं असं कुणी म्हणायची सोय नव्हती. घड्याळ पुढे गेलं तर ते कुणी केलं, हा प्रश्न यायचा. डॉक्टरने सगळं ठीक आहे म्हटलं की मावशी दुसऱ्या डॉक्टरकडे जात, कारण पहिल्याला एवढं बरं का वाटलं, ते कळायला हवं.

त्यांचे यजमान शाळेची बस चालवायचे. मावशी जितक्या संशयी तितके ते विश्वासू. कशालाही "बरंय" म्हणायचे, म्हणून शाळेतली पोरं त्यांना बरंयकाका म्हणत, आणि हळूहळू मोठेही म्हणू लागले. लग्नाआधी मावशींना पाहायला आले तेव्हाही ते चहाचा कप खाली ठेवून "बरंय" एवढंच म्हणाले होते. हा माणूस इतक्या चटकन तयार का झाला, याची मावशींनी तेव्हा सुरू केलेली चौकशी अजून बंद झालेली नाही.

तर तो कागद. त्यावर लिहिलं होतं, घर घेण्याआधी शिका, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मोफत वर्ग, दर रविवारी दुपारी. आणि खाली बारीक अक्षरांत, ना-नफा संस्था. मावशींनी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"पुढचं कुठंय?"

"पुढचं काय, मावशी?"

"ना नफा ना तोटा असं असतं. तुम्ही ना तोटा उडवलाय."

ताई खळखळून हसल्या. त्या खरं बोलणाऱ्या होत्या आणि तिथेच त्यांचं चुकलं. म्हणाल्या, "तोटा तर होतोच. दर वर्षी होतो. चालवतो कसंतरी."

मावशींनी पिशवी खणात ठेवली, टोकन दिलं आणि ताई जिना चढून दिसेनाशा होईपर्यंत त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. तोट्यात जाऊन हसणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. दुकानाचे मालक तर नफ्यातही रडायचे. ही बाई तोट्यात आहे आणि दात दाखवतेय, म्हणजे तो तोटा हिचा नसणार. मग कुणाचा? कागद ज्यांना वाटतेय त्यांचा. हे सगळं मावशींनी शेजारच्या शिलाईवाल्याला समजावून सांगितलं आणि कागद चुरगळून फेकणार, तेवढ्यात घडी करून पदराला बांधला. पुरावा फेकायचा नसतो.

घरी आल्या तर बरंयकाका तसाच दुसरा कागद डोळ्यांना चष्मा लावून वाचत बसलेले. त्यांनी नावही देऊन टाकलं होतं.

आता मुद्दाम सांगायला हवं की घराची त्यांना खरोखरच निकड होती. दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. घरमालकाच्या नातवाला वेगळं बिऱ्हाड करायचं होतं, आणि वर्षअखेर खोल्या रिकाम्या करा, असं घरमालक फार गोड शब्दांत सांगून गेले होते. याआधीही अशीच गोड माणसं येऊन गेली होती, आणि दर वेळी मावशींनी पत्र्याची कपाटं हातगाडीवर चढवली होती. बरंयकाकांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. एकदा पगार थांबला की कर्ज कोण देणार? म्हणजे घ्यायचं तर आत्ताच. मावशींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, अशी जागा, जिथून त्यांना ऊठ म्हणणारा कुणी नसेल. हे त्या कधी बोलून दाखवत नसत, कारण हवंय असं एकदा कळलं की लोक त्याचा भाव वाढवतात.

नवऱ्याला एकट्याला तिथे पाठवणं म्हणजे मांजराला दूध सांभाळायला सांगण्यासारखं नव्हे, दुधालाच मांजर सांभाळायला सांगण्यासारखं होतं. म्हणून रविवारी मावशीही निघाल्या.

वर्ग भरायचा एका बालवाडीत. बाकं चिमुकली. मोठी माणसं त्यांवर बसली की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि सगळा वर्ग काहीतरी अपराध करून शिक्षा भोगत असल्यासारखा दिसायचा. मावशींनी दाराजवळची जागा धरली. मागून आलेल्या दोन बायकांनी त्यांना पाहिलं आणि सवयीने आपापल्या पिशव्या त्यांच्याकडे दिल्या. मावशींनीही घेतल्या.

ताई शिकवायच्या छान. घर बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका, कोपऱ्यांकडे बघा. नळ सोडून बघा. सकाळी जाऊन या, संध्याकाळी जाऊन या. शेजाऱ्यांना विचारा. कुणी घाई केली तर थांबा. मावशी हे सगळं ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, ही आपल्याला संशय घ्यायला शिकवतेय, म्हणजे आपला संशय तिच्यावरून उठवून दुसरीकडे वळवतेय. पक्की आहे.

बिस्किटं चांगली का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तोट्यातल्या माणसाने साधी बिस्किटं ठेवावीत. एका रविवारी बँकेतला एक माणूस येऊन कर्ज कसं मिळतं ते सांगून गेला. मावशींनी यजमानांना कोपराने ढोसलं, "बघा, आला." तो माणूस काहीही न विकता निघून गेला तेव्हा मावशी जास्तच गंभीर झाल्या. आज विकलं नाही म्हणजे उद्या मोठं काहीतरी विकणार. मग एकदा त्यांनी हात वर केला आणि विचारलं की तुमचं पोट कशावर चालतं. ताई म्हणाल्या, देणग्यांवर. देणारे का देतात? चांगल्या कामासाठी. यावर मावशी फक्त "हं" म्हणाल्या, पण तो "हं" इतका लांब होता की पुढच्या बाकावरच्या नर्सबाई, ज्या रात्रपाळी करून आल्यामुळे दर रविवारी पेंगत, त्या जाग्या झाल्या.

घाव बसला तो मात्र सहज विचारलेल्या प्रश्नाने. चहाच्या वेळी मावशींनी विचारलं, "ताई, तुमचं घर कुठल्या बाजूला?"

"बाजारामागे. पण घर कसलं, भाड्याची खोली आहे. आमच्या पगारात अजून जमलं नाही."

मावशींनी कप खाली ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जिला स्वतःला घर घेता आलं नाही ती आपल्याला घर घ्यायला शिकवतेय. एवढे रविवार आपण लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो, ते यासाठी? त्यांनी दोन्ही बायकांच्या पिशव्या परत केल्या, आपली उचलली आणि दारातून यजमानांकडे पाहिलं. बरंयकाकांच्या हातात दुसरं बिस्किट होतं. "मी चहा संपवून येतो," ते म्हणाले. पुढच्या रविवारीही ते चहा संपवायला गेले आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

मावशींना मात्र दरम्यान एक खरा माणूस भेटला. जागा दाखवणारा दलाल, बोलता बोलता उजवा हात छातीवर ठेवून "पक्कं" म्हणायचा, म्हणून गल्लीत त्याला पक्केभाऊ म्हणत. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "मावशी, माझा यात फायदा आहे. खोटं कशाला बोलू?" मावशींच्या दोन्ही भुवया अनेक वर्षांनी एकदम खाली आल्या. ज्याचा फायदा समोर दिसतो त्याचं बिल ताडून बघता येतं. फुकटवाल्याचं काय ताडणार? तो घरी येऊन चहा पिऊन जाऊ लागला. साखर कमी असते, असंही त्याने एकदा स्पष्ट सांगितलं, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल शंकाच उरली नाही.

त्याने दाखवलेली जागा मावशींना आवडली. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारं एक मैदान. मावशी खोल्याखोल्यांतून फिरल्या, भिंतीवर टकटक केलं, आणि मग मुख्य दाराशी आल्या. दार आतून लावलं. उघडलं. परत लावलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दाराशी बसलेली ती बाई दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून कडी वरखाली करत होती, आणि पक्केभाऊ लबाड असला तरी त्या मिनिटाला घाई करायला तोही विसरला.

मग म्हणाला की आणखी दोघं मागे लागलेत, आज टोकनचे पैसे दिलेत तर जागा तुमची.

टोकन. मावशींच्या मनाला गारवा वाटला. या एका शब्दावर त्यांचा जन्म गेला होता. टोकन म्हणजे भरवसा. टोकन म्हणजे वस्तू सांभाळून ठेवलीय, नंबर दाखवला की परत. जगात बाकी काहीही खोटं निघेल, पण टोकन कधी खोटं निघालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण ते त्या स्वतः देत होत्या.

घरी येऊन त्यांनी बाजूला टाकलेले पैसे काढायला घेतले तेव्हा बरंयकाका चपला काढायच्या आधीच म्हणाले, "थांब जरा. परवा ताईंनी टोकनचंच सांगितलं."

लग्नानंतर पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून "थांब" निघालं होतं. मावशी थांबल्या, पण वेगळ्याच कारणाने. मालकाचे कागद बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, दिलं तर लेखी पावती घ्यायची, व्यवहार मोडला तर पैसे कधी परत ते त्यात लिहून घ्यायचं, असं बरंयकाका चाचरत, पण न चुकता सांगत होते, आणि मावशी त्यांच्या डोळ्यांत वाकून बघत होत्या.

"तुम्हाला चहातून काही दिलं का हो तिथे?"

"अगं, चहाच होता."

"मग हे ताई म्हणाल्या, ताई म्हणाल्या, काय लावलंय? तो बिचारा तोंडावर सांगतो की माझा फायदा आहे. तुमच्या ताईंनी कधी सांगितलं?"

बरंयकाकांनी उत्तर शोधलं. ते सापडेपर्यंत सवय आडवी आली आणि ते म्हणाले, "बरंय."

पैसे दिले. पक्केभाऊने नोटांचं पुडकं खिशात घातलं, छातीवर हात ठेवला. मावशी तळहात पुढे करून उभ्याच. "आता माझं टोकन द्या," त्या म्हणाल्या. पक्केभाऊला क्षणभर काही कळेना. इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं काही कुणी मागितलं नव्हतं. मग त्याने हसून खिशातून किल्ली काढली आणि मावशींच्या हातावर ठेवली. "घ्या. पक्कं." मावशी पायऱ्या उतरल्या त्या तरंगत. किल्लीपेक्षा मोठं टोकन कुठलं?

पुढच्या आठवड्यात पडद्यांचं माप घ्यायला दोघं गेले. किल्ली फिरवायच्या आधीच दार उघडं. आत एक न्हावी स्टुलावर चढून खिडकीला टेप लावत होता आणि त्याची बायको खालून आकडे लिहून घेत होती. तुम्ही कोण, तुम्ही कोण, असं दोन्हीकडून झालं. न्हाव्याने किल्ली दाखवली. मावशींनी किल्ली दाखवली. दोन्ही किल्ल्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक गृहस्थ हातात तिसरी किल्ली घेऊन, "अरे वा, गर्दी आहे," असं म्हणत आत आले.

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. एका पिशवीवर तीन टोकनं. चोऱ्या त्यांनी पाहिल्या होत्या, बाहीत लपवलेले रुमाल पाहिले होते, एकदा अंगावर एकावर एक चढवलेले चार शर्ट पाहिले होते. पण हे पाप त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. एका नंबरची तीन टोकनं काढणारा माणूस उद्या काय करणार नाही? न्हाव्याची बायको त्यांना पाणी द्यायला गेली तेव्हा कळलं की नळाला पाणी नाही. नळ सोडून बघायचं त्या दिवशी मावशींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी त्या बालवाडीत गेल्या. ताई आता "मी सांगत होते" म्हणणार, म्हणून तोंड आवळून बसल्या. ताईंनी पावती मागितली. मावशींनी किल्ली पुढे केली. ताईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"टोकन असलं की वस्तू परत मिळते," मावशी म्हणाल्या. "माझ्या दारात तरी मिळते."

"तुमच्या दारात टोकन तुम्ही देता, मावशी. इथे त्याने तुमच्याकडून घेतलं."

मावशींनी किल्ली पालथी करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही मला मदत केलीत तर तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"तेच तर," मावशी म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

ताईंनी तिन्ही कुटुंबांना एकत्र बसवलं, तक्रार लिहून दिली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ती कुठे द्यायची ते सांगितलं आणि द्यायला सोबत गेल्या. एवढ्यावर मावशींचा भरवसा नव्हता. सुट्टीच्या दिवशी त्यांनी घरचं स्टूल उचललं आणि पक्केभाऊच्या ऑफिसच्या दारात मांडलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हात पुढे करून "पिशवी" म्हणायच्या. माणूस बावचळून पिशवी द्यायचा. मग मावशी फार मायेने विचारायच्या, "जागा बघायला आलात? टोकन द्याल तेव्हा विचारा हं, कितवं आहे ते." बहुतेक जण पिशवी घेऊन तिथूनच परत फिरायचे. पक्केभाऊने आधी दम दिला, मग हात जोडले, मग चहा पाठवला. मावशींनी त्या चहाचा वास घेतला आणि तो रस्त्यावर ओतला.

पैसे परत आले, पण एकदम नाही. थोडे आले, मग पक्केभाऊ गावाला गेला, परत आला तेव्हा आणखी थोडे आले. शेवटचे यायला दोन वर्षं गेली. ताईंच्या मते हे तक्रारीमुळे झालं, मावशींच्या मते स्टुलामुळे. बरंयकाकांना विचारलं तर ते दोघींनाही बरंय म्हणाले.

मावशी पुन्हा वर्गाला जाऊ लागल्या, अगदी पहिल्या धड्यापासून. दाराजवळच बसतात. ताईंच्या हिशेबात अजून काहीतरी दडलंय असं त्यांना वाटतं, आणि ते सापडेपर्यंत एकही रविवार चुकवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. नव्या लोकांना त्या ओळख होण्याआधीच सांगतात की इथे कुणावरही विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. ताई म्हणतात, अर्धा अभ्यासक्रम तिथेच होऊन जातो.

घर मात्र झालं नाही. पैसे पूर्ण हातात आले तेव्हा बरंयकाका निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि बँकेने वय बघून नाही म्हटलं. घरमालकाच्या नातवाला खोल्या ठरल्याप्रमाणे मिळाल्या. दोघं आता तिकडे, बस डेपोच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. करार अकरा महिन्यांचा आहे.